बिघाडाचा निरोप

बँकेच्या दारातील पैसे देणाऱ्या यंत्रावर ‘तांत्रिक कारणामुळे बंद’ ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. ती वाचून आपण मुकाट्याने पुढच्या चौकातील यंत्राकडे वळतो. पैसे संपले आहेत, वीज गेली आहे, की मघाशी कोणाचे कार्ड यंत्राने गिळले ते अजून आतच आहे, यांपैकी काय घडले ते पाटी सांगत नाही. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आपणही ते विचारीत नाही. बंद पडलेल्या यंत्राने आपल्या बिघाडाची बातमी माणसाला कोणत्या शब्दांत द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. इतिहास असावयाचा तो राज्यांचा आणि लढायांचा, यंत्राच्या चार शब्दांना कसला आला आहे इतिहास, असेही कोणी म्हणेल. परंतु या चार शब्दांचा माणसांच्या मरणात हात आहे, आणि तो कसा होता हे कागदोपत्री नमूद आहे. म्हणूनच हा विषय श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. संगणक हे एक यंत्र नव्हे. ते यंत्रांचे एकत्र कुटुंब आहे. कीबोर्ड, पडदा, डिस्क, प्रिंटर हे त्यातले घटक, आणि प्रत्येकाची बोली निराळी. या घराचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक मोठा प्रोग्रॅम पाहतो. या कारभाऱ्याला सगळ्यांची बोली येत नाही. म्हणून त्याने प्रत्येकासाठी एकेक दुभाषा ठेवलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटरमधील कागद संपला तर प्रिंटर काही ओरडत नाही; त्याच्या एका तारेवरील विजेचा दाब बदलतो, इतकेच. त्या दाबाचा अर्थ पहिल्याने कळतो तो ड्रायव्हरला. ड्रायव्हर कारभाऱ्याच्या हाती एक आकडा देतो. कारभारी तो आकडा वरच्या प्रोग्रॅमकडे सरकवतो, आणि तो प्रोग्रॅम आपल्या समजुतीप्रमाणे पडद्यावर एक वाक्य लिहितो. म्हणजे निरोप तीन हातांतून येतो. आणि ज्याला खरे ठाऊक आहे तो बोलत नाही, जो बोलतो त्याला खरे ठाऊक नसते.

आकडा पाठविण्यात स्वतः काही दोष आहे असे नाही. आपल्याकडे तारखाते चालू होते तेव्हा दिवाळीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांना क्रमांक ठरवून दिलेले होते. पाठविणारा नुसता क्रमांक सांगे, तारेवरून क्रमांकच जाई. परंतु मांडवात जो कागद पोचे त्यावर पूर्ण वाक्य लिहिलेले असे. वधूपित्याच्या हातात कोणी नुसता ‘आठ’ असा कागद दिला नाही. जुलै २०१३ मध्ये ती तारसेवा बंद झाली, परंतु तिच्या कारकुनांना उमजलेली ही साधी गोष्ट संगणक बांधणाऱ्या भल्याभल्यांच्या ध्यानात आली नाही, असे आम्हांस पुढील हकिगतींवरून वाटते.

अगदी आरंभी याची गरजही नव्हती. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला, तेव्हा तो बांधणारी मंडळी त्याच संस्थेत होती. घरचे माणूस आजारी पडले तर त्याने नीट वाक्यात तक्रार सांगावी अशी कोणी अपेक्षा करीत नाही. चेहरा पाहून कळते. यंत्र विकले जाऊ लागले, बांधणारा एका देशात व वापरणारा दुसऱ्या देशात असे झाले, तेव्हा शब्दांची गरज उत्पन्न झाली. आयबीएम कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक निरोपाला अक्षरे व आकडे मिळून एक खूण असे, आणि त्या खुणेचे शेवटचे अक्षर मोठ्या विचाराने ठेवलेले होते. ‘आय’ असेल तर केवळ माहिती; ‘ए’ असेल तर उठून काही तरी करावयाचे आहे; ‘डी’ असेल तर निर्णय द्यावयाचा आहे. पुढची सगळी अक्षरे दुर्बोध असोत. रात्रपाळीच्या माणसाला खुर्चीवरून उठावयाचे की नाही हे शेवटच्या अक्षरावरून कळे. बाकीचा अर्थ जाडजूड पुस्तकात शोधावा लागे, हे खरे. पण ते पुस्तक होते आणि ते यंत्राशेजारच्या फळीवर होते. आजच्या दृष्टीने हे ओबडधोबड वाटेल. आम्हांला मात्र यात वाचणाऱ्याविषयीचा आदर दिसतो.

याच्या उलट वृत्ती युनिक्समध्ये दिसते. ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. १९७१ साली ज्या यंत्रावर तिचे पहिले बाहेरचे वापरणारे बसले त्याची एकंदर स्मृती २४ किलोबाइट होती. पडदा नव्हता, टेलिटाइप नावाचे खडखडणारे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. साठ अक्षरांचे वाक्य म्हणजे सहा सेकंदांचा खडखडाट. अशा ठिकाणी तारेची भाषा वापरावी हे क्रमप्राप्तच होते. तिचा ‘ईडी’ हा लेखन-प्रोग्रॅम तर चूक झाली की नुसते एक प्रश्नचिन्ह छापी. थॉम्प्सन यांच्या नावावर एक थट्टा सांगितली जाते, की त्यांच्या मोटारीत वेगाचा काटा नाही, पेट्रोलचा नाही. काही बिघडले की समोर एक भले मोठे प्रश्नचिन्ह उजळते, आणि मुरलेल्या चालकाला काय बिघडले ते कळतेच! थट्टा चांगली आहे. परंतु मुरलेले चालक थोडे, आणि नवशिके दर वर्षी नवे.

याच युनिक्समधील एक निरोप जगभर गाजला: ‘नॉट अ टाइपरायटर’, अर्थात ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’. फक्त टेलिटाइपलाच समजेल अशी विचारणा एखाद्या साध्या फाइलीला केली, म्हणजे पंचवीस हा आकडा परत येई, आणि त्या आकड्याचे शब्द हे होते. येथवर ठीक. परंतु प्रोग्रॅम लिहिणारे आपल्या सोयीसाठी, समोर टेलिटाइप आहे की काय हे पाहण्यासाठी, ही विचारणा वाटेल तेथे करीत. उत्तर ‘नाही’ आले की पुढे जात. आकडा मात्र खणात पडून राही. मग काही वेळाने खरोखरीच काही बिघडले आणि त्या बिघाडाने स्वतःचा आकडा ठेवला नाही, म्हणजे प्रोग्रॅम तो खण उघडी आणि आतला शिळा आकडा वाचून दाखवी. त्यामुळे एखाद्याचे संगणकीय पत्र पत्ता चुकल्यामुळे परत येई, आणि सोबत कारण लिहिलेले असे, ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’! पुढे हे शब्द बदलून ‘उपकरणास अयोग्य’ अशा अर्थाचे अधिक पंडिती शब्द घातले गेले. त्यांनीही कोणाला काही कळले नाही. पहिल्या शब्दांत निदान करमणूक होती.

ही सगळी प्रयोगशाळेतील मंडळी. सामान्य माणसाची आणि या निरोपांची गाठ पडली ती १९८१ सालानंतर, आयबीएमचा छोटा संगणक आणि त्यावरील डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आली तेव्हा. फ्लॉपीच्या खणाचे दार नीट लागले नाही, की पडद्यावर ‘ड्राइव्ह तयार नाही’ अशी ओळ येई आणि खाली प्रश्न येई: ‘अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?’ सोडून द्यावे, पुन्हा पाहावे, की दुर्लक्ष करावे? दुर्लक्ष केल्यास अर्धवट वाचलेली माहिती खरी धरून काम पुढे चालेल, हे त्या शब्दात कोठेच नव्हते. या व्यवस्थेत ड्रायव्हरने देण्याजोग्या बिघाडांचे डझनभर आकडे ठरलेले होते: डिस्कवर लिहिण्यास बंदी आहे, प्रिंटरमधील कागद संपला आहे, वगैरे. शेवटचा आकडा होता तो ‘यांपैकी काही नाही’ या अर्थाचा, आणि त्याचे शब्द केले होते ‘जनरल फेल्युअर’. नवी कोरी फ्लॉपी अजून फॉरमॅट केलेली नसली तरी बहुधा हेच शब्द येत. हे जनरल फेल्युअर कोण सेनापती, आणि ते आमची डिस्क का वाचीत आहेत, असा विनोद त्या काळी इंग्रजी जाणणाऱ्यांत रूढ होता.

आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात मात्र तो विनोद राहिला नाही. नव्वदीच्या दशकातील गोष्ट. दिवाळी अंकाची जुळविलेली पाने नव्या फ्लॉपीवर उतरून दुसऱ्या गावी पाठवावयाची होती. जुळणी करणाऱ्या पोराने फ्लॉपी घातली. सेनापती प्रकट झाले. त्याने पुन्हा पाहिले, पुन्हा पाहिले, आणि यंत्रच गेले अशी समजूत करून घेऊन तो सगळा संगणक रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत फ्लॉपी फॉरमॅट करून दिली. अंक निघाला, पण चार दिवस उशिरा. आणि मालकाने त्या पोराला जे ऐकविले त्यात दोष त्याचा होता असे आम्हांस तेव्हाही वाटले नव्हते. ‘ही फ्लॉपी कोरी आहे’ हे चार शब्द त्याला कोणी सांगितले नव्हते.

प्रिंटरचीही तीच कथा. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या जुन्या लेझरजेट यंत्रांवर ‘पीसी लोड लेटर’ अशी अक्षरे येत. यातील पीसी म्हणजे संगणक नव्हे, पेपर कॅसेट. लेटर म्हणजे पत्र नव्हे, अमेरिकेतील कागदाचे एक माप. कागदाचे तबक भरा, एवढाच मतलब. चिमुकल्या काचेवर जागा थोडी, म्हणून शब्द कापले. आणि ज्यांच्या देशात ए-४ कागद चालतो त्यांना तर भरलेले तबक पुढे असताना यंत्र कशासाठी अडून बसले हे कळेना. १९९९ सालच्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन चित्रपटाने या तीन शब्दांची यथेच्छ टर उडविली आहे.

लिनक्स ही १९९१ साली हेलसिंकीत जन्मलेली ऑपरेटिंग सिस्टिम हल्ली पुष्कळ ठिकाणी चालते. तिच्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये तीन निरोप ओळीने लिहिलेले आहेत. कागद संपला, हा पहिला. प्रिंटर जोडणीत नाही, हा दुसरा. आणि कागद आहे, जोडणी आहे, तरीही प्रिंटर बिघाड सांगतो आहे, अशा वेळचा तिसरा निरोप: ‘प्रिंटर पेटला आहे’! लिहिणाऱ्याने गंमत केली हे उघड आहे. रात्री एकट्याने काम करणाऱ्या नवख्या माणसाला ती गंमत वाटेलच असे नाही. पण याच लिनक्सने एक फार चांगले वाक्यही दिले. प्रोसेसर किंवा स्मृती यांत प्रत्यक्ष दोष आढळला, तर त्याच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले असे, की हा बिघाड हार्डवेअरचा आहे, प्रोग्रॅमचा नव्हे. यंत्र विकणाऱ्याकडे जा. काय घडले, काय घडलेले नाही आणि आता कोठे जावयाचे, ही तिन्ही उत्तरे त्यात आली. ज्याला स्मृतीच्या पट्ट्या कशाशी खातात हे ठाऊक नाही त्यालाही ते कळते.

नुसती गोड भाषा मात्र पुरत नाही. विंडोजने २०१२ साली आपल्या निळ्या पडद्यावर रडवेल्या चेहऱ्याची खूण आणली, आणि ‘तुमच्या संगणकाला अडचण आली आहे’ असे सौम्य वाक्य घातले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने धाडलेल्या सदोष फाइलीमुळे तिचा ड्रायव्हर कोसळला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक त्या रडव्या चेहऱ्यासह बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दोषी ड्रायव्हरचे नाव त्या पडद्यावर तळाशी बारीक अक्षरात होते. जाणणाऱ्यांनी ते वाचले. खिडकीपुढच्या कारकुनाला मात्र चेहऱ्याखेरीज काही मिळाले नाही.

एक प्रकरण आम्ही मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण या व्याख्यानाचे खरे कारण तेच आहे.

कॅनडातील एईसीएल या कंपनीने थेरॅक-२५ नावाचे किरणोपचाराचे यंत्र बनविले. अशी अकरा यंत्रे अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांत बसविली होती. यंत्राचा कारभार एक पीडीपी-११ जातीचा संगणक पाही, आणि उपकरणांशी बोलणारा प्रोग्रॅम कंपनीने स्वतःच लिहिला होता. काही बिघडले की पडद्यावर ‘मालफंक्शन’ हा शब्द आणि पुढे एक ते चौसष्टमधील एक आकडा येई. तो आकडा कशाचा? तर ज्या मार्गाने ती खूण संगणकात आली त्या मार्गाचा! दुभाषाने निरोप सांगण्याऐवजी निरोप्या कोणत्या दाराने आला तेवढे सांगावे, असा हा प्रकार. यंत्र चालविणाऱ्यांच्या पुस्तकात या आकड्यांचा अर्थ दिलेला नव्हता. बिघाड किरकोळ ठरला तर यंत्र फक्त थबके, आणि ‘पी’ ही एक कळ दाबली की पुढे चालू होई. पाच वेळा तशी मुभा होती. असे थबकणे रोजचेच होते. कित्येक दिवशी चाळीस-चाळीस वेळा. रोज मरे त्याला कोण रडे, या न्यायाने चालविणाऱ्यांचे बोट आपोआप त्या कळेवर जाऊ लागले.

२६ जुलै १९८५ रोजी कॅनडातील हॅमिल्टन येथे यंत्र पाच सेकंदांत थबकले. पडद्यावर एक दुर्बोध खूण होती, आणि ‘मात्रा दिली गेली नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. तंत्रज्ञाने पी दाबली. पुन्हा तेच, पुन्हा पी. पाचव्यांदा यंत्र पुरते बंद झाले. मात्रा दिली गेली नाही असे पडदा म्हणत होता. रुग्ण बाई भाजल्यासारखे होते म्हणून सांगत होत्या. मागाहून झालेल्या अंदाजाप्रमाणे त्यांना १३,००० ते १७,००० रॅड किरण लागले होते. त्या नोव्हेंबरात मूळ कर्करोगानेच वारल्या. त्या जगल्या असत्या तर किरणांच्या इजेमुळे त्यांचा खुब्याचा सांधा बदलावा लागला असता.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर गावी, कर्करोग केंद्रात, एक अनुभवी बाई यंत्रावर होत्या. इलेक्ट्रॉन-उपचारासाठी ‘ई’ लिहावयाचे ते सवयीने क्ष-किरणांचे ‘एक्स’ लिहिले गेले. चूक ध्यानात येताच त्यांनी वर जाण्याच्या कळेने परत जाऊन ती झटपट सुधारली. ही सुधारणा आठ सेकंदांच्या आत झाली, तर प्रोग्रॅमच्या एका भागाला ती कळतच नसे. क्ष-किरणांसाठी लागणारा, सुमारे शंभरपट प्रखर झोत सुटला, आणि त्याला अडविणारा भाग मध्ये नव्हता. पडद्यावर आले: ‘मालफंक्शन ५४’. मात्रा २०२ एककांपैकी अवघी ६ दिली गेल्याचे तेथेच दिसत होते. बाईंनी पी दाबली. आतल्या खोलीशी जोडलेला दूरचित्राचा पडदा त्या दिवशी लावलेला नव्हता, आणि बोलण्याचे यंत्र नादुरुस्त होते. पहिल्या झटक्याने रुग्ण उठू पाहत होता. दुसरा त्याच्या हातावर बसला. तो दारावर येऊन धडका देऊ लागला तेव्हा बाहेर कळले. १८० रॅडच्या जागी त्याला १६,५०० ते २५,००० रॅड लागले असावेत असा मागाहून अंदाज झाला. पाच महिन्यांनी तो वारला.

चोपन्न या आकड्याचा अर्थ काय होता? कंपनीच्या माणसाने पुढे सांगितले, की मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली असा त्याचा अर्थ. नरो वा कुंजरो वा! द्रोणाचार्यांना जे कळणे अवश्य होते नेमके तेवढेच त्या वाक्यात संदिग्ध राहिले होते, येथेही तसेच. संदेशाने माणूस मारला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मारले ते प्रोग्रॅमातील दोषाने, आणि जुन्या यंत्रातील स्वतंत्र संरक्षक अडसर नव्या यंत्रातून काढून टाकणाऱ्या निर्णयाने. तोच दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता; शिकागोला विद्यार्थी सत्रारंभी त्यावर वाटेल ते लिहीत तेव्हा फ्यूज उडत, आणि कोणाला इजा होत नसे. फ्यूजची भाषा अडाण्यालाही कळते. परंतु टायलरला पहिला झटका दोषाने दिला, आणि दुसरा त्या आकड्याने, असे आमचे मत आहे. अशा रुग्णाच्या अंगावर, ‘मात्रा बेसुमार गेली असण्याचा संभव आहे, आत जाऊन पाहा’ हे वाचूनही पी दाबील अशी बाई आम्हांला तरी कल्पिता येत नाही.

कंपनीच्या माणसांना यंत्रात काही दोष सापडला नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी, त्याच गावी, त्याच बाईंच्या हातून, तोच चोपन्न पुन्हा आला. या वेळी बोलण्याचे यंत्र चालू होते. आतून मोठा आवाज आणि विव्हळणे ऐकू आले, आणि बाई धावत आत गेल्या. हाही रुग्ण तीन आठवड्यांनी वारला. मग केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञ आणि त्या बाई यंत्रापुढे बसले. आपण त्या दिवशी काय काय दाबले हे बाईंना आठवत होते. पुन्हा पुन्हा तेच करून, हात चपळ ठेवला तर चोपन्न मुद्दाम आणता येतो हे त्यांनी दाखविले. कंपनीला प्रथम तसे करता येईना. भराभर लिहावे लागते असे टायलरहून कळविल्यावर दुसऱ्या दिवशी जमले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या सहा अपघातांची जी सविस्तर हकिगत प्रसिद्ध केली तीत हे सारे आले आहे.

कंपनीने १५ एप्रिल रोजी सर्व रुग्णालयांना पत्र धाडले. वर जाण्याची कळ वापरू नये. तिचे टोपण काढून टाकावे, आणि आतील जोड चिकटपट्टीने बंद करावा, असा त्यात उपाय होता. यंत्रे तशीच चालू राहिली. जानेवारी १९८७ मध्ये याकिमा येथे, निराळ्या दोषाने, सहावा अपघात झाला. तो रुग्ण एप्रिलमध्ये वारला. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या खात्याने मान्य केलेल्या सुधारणांच्या यादीत, स्वतंत्र अडसर पुन्हा बसविण्याच्या कलमाबरोबर, दुर्बोध संदेश काढून त्या जागी अर्थ सांगणारे संदेश घालण्याचे कलम आले.